उष्टी साद

"नवा शब्द दे रे! उष्टा नको, नवा!"

वडिलांची, आबांची, ही हाक मितेशने ऐकली तेव्हा तो सहा-सात वर्षांचा असेल. उधाणाचे दिवस होते. खाडी बांधाच्या काठाला टेकलेली, आणि बांधावर पाच माणसं पाच ठिकाणी बसलेली, एकाला दुसरा दिसू नये इतकी लांब. खाडीच्या तोंडाशी बसलेल्याने साद घालायची, दुसऱ्याने ती ऐकून तिसऱ्याला द्यायची, आणि अशी हातोहात करत ती गावदेवीच्या देवळापर्यंत यायची: पानी किती चढला, बांध कसा हाय. एरवी गप्प बसायचं. घसा राखायचा, आळीपाळीने डुलकीही काढायची. पण साद घालताना निरोपाच्या आधी त्या दिवसाचा शब्द सांगायचा. तो सकाळी देवळात ठरायचा. खाडीतलंच काहीतरी, मासा नाहीतर झाड: कधी निवटी, कधी बोय, कधी तिवर.

त्याला कारण होतं. एका वर्षी मासे धरायला बांध फोडणाऱ्या कुणीतरी जागल्याचा आवाज काढून आदल्या दिवशीचाच शब्द दिला, 'सगला बरा हाय' म्हणाला, आणि गाव विसंबून राहिलं. तेव्हापासून एकदा बोललेला शब्द म्हणजे उष्टा. जेवून उठलेल्या पानासारखा. त्यावर दुसऱ्याला वाढायचं नाही.

"मितेश, कुठे हरवलास? हे बघ ना जरा."

सॅन्ड्राच्या आवाजाने तो वालीवच्या कारखान्याच्या गाळ्यात परत आला. डागकामाचा धूर पंख्याच्या वाऱ्याने खाली बसत होता. टेबलावर चौदा करडे डबे ओळीने मांडले होते. ते त्याच्याच गावच्या बांधावरून काढून आणलेले होते, पावसाळ्याआधी तपासायला. कडांना वाळलेला चिखल होता. नऊ नंबरच्या डब्याला कालवं चिकटली होती आणि त्याची एरिअल मुळाशी मोडलेली होती.

चार वर्षांपूर्वी मितेशनेच मालकाला गळ घालून हे डबे गावात नेले होते. बांधावर बसणारी पाच माणसं तोवर उरलीच नव्हती. कुणी मेलं, कुणी रिक्षा घेतली, कुणी मनवेलपाड्याला खोली घेऊन गेलं. एकटे आबा उरले होते, बांधातल्या दाराचे, म्हणजे उघाडीचे राखणदार. डबे लागले तेव्हा गाव बघायला जमलं होतं. प्रत्येक डबा पाणी मोजणार, शेजारच्या डब्याला सांगणार, तो त्याच्या शेजारच्याला, असं होत होत शाळेच्या गच्चीवरच्या यंत्राकडे निरोप जाणार, आणि तिथून आबांच्या फोनवर.

"दहा मिनिटांनी एकदा जागे होतात, बोलतात आणि परत झोपतात," मितेशने समजावलं होतं. "झोपतात म्हणून तर बॅटरी वर्षभर पुरते."

"निजतान?" धोंडूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली होती. "मंग त्याना जागले कशाला म्हनतोस? आमच्या घोवासारखेच हान की!"

सगळे हसले होते. आबा हसले नव्हते. त्यांनी एकच विचारलं होतं, "आनि दुसरा कोन डब्याच्या आवाजान बोलला तं?"

मितेशला त्या प्रश्नाचा केवढा अभिमान वाटला होता! शाळा चवथीत सुटलेला हा माणूस, आणि मोठ्या मोठ्या इंजिनिअरांना जो सुचत नाही तो प्रश्न याला सुचला. त्याने सांगितलं होतं की डब्याच्या पोटात एक गुपित आकडा आहे. तो फक्त डब्याला आणि शाळेवरच्या यंत्राला ठाऊक. त्या आकड्यावरून डबा दर निरोपाला नवी खूण बनवतो, जुनी खूण यंत्र घेतच नाही.

"म्हंजे नवा शब्द," आबा म्हणाले होते, आणि मग आठवडाभर गावात सांगत फिरले होते, "माज्या पोराचा डबा पन उष्टा बोलत नाय."

"हे बघ," सॅन्ड्राने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. ती रमेदीहून यायची, त्याच्याच वयाची, चष्मा केसांत खोचून काम करायची. "मागच्या वर्षीचा नऊ नंबरचा रेकॉर्ड. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आठ वाजून दहा मिनिटांनी आलेला मेसेज आणि त्याच्यानंतरचे सगळे सेम आहेत. पाणी सेम, टेंपरेचर सेम, बॅटरी सेम. साडेअकरापर्यंत. पाणी एवढा वेळ एका जागी उभं राहतं का कधी? कोणीतरी जुना मेसेज पकडून ठेवलाय आणि तोच परत परत सोडलाय. आणि खऱ्या नऊची एरिअल मोडून टाकलीय, म्हणजे ओरडायला नको."

मितेश नऊ नंबरच्या मोडक्या एरिअलवरून बोट फिरवत राहिला.

"पण हे यंत्राने पकडायला पाहिजे होतं ना? खूण नवी नसली की मेसेज फेकायचा, सिंपल. मग?" ती माउसचं चाक फिरवत नोंदींत खाली गेली. आणि थांबली. "खूण बंद केलेली आहे. फक्त नऊला. जूनमध्ये." नोंदीपुढे दोन अक्षरं होती. ती मितेशच्या नावाची होती. तिने चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घातला, परत काढला.

"सोमवारी रिपोर्ट द्यायचाय मालकांना," ती हळू म्हणाली. "हे तुला माहीत होतं?"

त्याने मान हलवली. हो की नाही, ते तिला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. खूण आपण काढली हे त्याला माहीत होतं. एरिअल मोडलेली त्याने पाहिली होती, उधाणाने मोडली असेल असं स्वतःला सांगितलं होतं. दहा महिने तो याच एका गोष्टीवर तग धरून होता, की आबांचा डोळा लागला होता. चूक दोघांची. थोडी माझी, थोडी त्यांची. घरातल्या घरात वाटून घेतली की जड होत नाही.

"आणि हे बघ, कसलं वाईट वाटतं," सॅन्ड्रा म्हणाली. "हा गावातला फोन कोणाचा आहे? त्या सकाळी अकरा वेळा पाणी विचारलंय याने. आठ वीस, आठ पस्तीस, नऊ, नऊ दहा... कोणीतरी बिचारा जागा होता रे. सारखा विचारत होता. आणि दरवेळी त्याला तेच उत्तर मिळत होतं."

मितेश उठला. "सॅन्ड्रा, मी घरी जातो."

"बरं नाही वाटत?"

"आज गावाची बैठक आहे. उघाडीचा दांडा आबांकडून काढून घेणार आहेत."

त्याचा जेवणाचा डबा टेबलाखाली राहिला होता, तो तिने उचलून त्याच्या हातात दिला.

*

मागच्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चिंचोटीच्या डोंगरावरचं पाणी शेतात उतरून तुंबलं होतं. ओहोटीला उघाडी उघडायची, शेतातलं गोडं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती चढायच्या आत उघाडी बंद करायची. एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामावर सगळ्या गावाची चूल पेटायची. आबांनी पहाटेच्या ओहोटीला दार उघडलं होतं आणि तापाने फणफणून घरी आले होते. मितेश कामावर निघताना म्हणाला होता, "आबा, भिजत बसू नका तिकडं. फोन बघा. पाणी चढायला लागलं की मग उठा."

साडेअकराच्या पुढे धोंडूबाई भात बघायला बांधावर गेली तर तिच्या शेतात पाणी उलटं वाहत होतं. तिने ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकली. खारं. ती बोंब मारत उघाडीकडे धावली. आबाही तिकडेच येत होते, अंगावर घोंगडी, एका हातात फोन. दोघांनी मिळून दांडा फिरवला. दार बसलं, तोवर खाडी आत येऊन बसली होती.

"नथूदादा, काय करत व्हतास रे?" तिने विचारलं. "पुनवेची भरती बारक्या पोराना कलते!"

आबांनी फोनकडे पाहिलं. तो बंडीच्या खिशात ठेवला. "डोला लागला गो बाय," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी भात पिवळं पडलं. धोंडूबाईचं आधी, कारण तिचं शेत उघाडीला लागून. तिच्याकडे राता भाताचं बी होतं. खाऱ्या जमिनीत तगणारं ते तांबडं भात, लग्नात सासूने ओटीत घातलेलं, दरवर्षी तिनेच राखलेलं. तिच्यापाशीच होतं, दुसऱ्या कुणाकडे नाही. पण तगायलाही काही सीमा असते. त्या वर्षी पेरायला ठेवलेलं सगळं जमिनीत गेलं होतं, वर आलेलं खारात गेलं. आता तीन पावसाळे तरी जमीन धुवावी लागणार होती. महिन्याभरात एक पांढऱ्या गाडीतला माणूस येऊन विचारून गेला, पडीकच आहे तर कोळंबीच्या तळ्यांना देता का? कुणाचं कशात भलं झालं ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. गावाला बोट दाखवायला माणूस मिळाला होता.

लावणीला बाया एक ओवी म्हणायच्या. धोंडूबाईनेच कधीतरी रचलेली.

भरती आली बाय, बांधाच्या उंबऱ्याशी
जागा हाय नथूदादा, नीज बाला उशापाशी

नंतर भाद्रपदात, वाचलेल्या चार तुकड्यांत बाया निंदणी करत होत्या. मितेश बांधावरून चालला होता. ओवी तीच होती, चालही तीच. फक्त दुसऱ्या ओळीत आबांचं नाव यायचं तिथे बाया नुसतं 'हुं हुं' करून पुढे गेल्या. शिवी दिली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं.

*

आबा ओटीवर बसून दांडा पुसत होते. हातभर लांबीचा लोखंडी दांडा, टोकाला चौकोनी भोक. उघाडीच्या चाकात घालून फिरवायचा. राखेने घासून झाला होता, आता ते खोबरेल चोळत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून अंगठ्याने चाचपून गंज शोधत होते.

"लवकर आलास?"

"हं." मितेश पायरीवर बसला. "कशाला घासताय एवढा? काढूनच घेणार आहेत."

"दुसऱ्याच्या हातात द्यायचा त गंजका द्यायचा का? नवरी निघाली तरी तिला न्हाऊ घालतान."

शेजारच्या आवारात कुणीतरी सुके बोंबील पसरत होतं.

"आबा, त्या दिवशी तुम्ही झोपला नव्हतात."

"निजलो व्हतो."

"अकरा वेळा फोन बघितलात. माझ्याकडं लिहून आलंय."

आबांचा अंगठा दांड्यावर थांबला. "तो फोन पन चुगल्या करतो वाटतं," ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला.

"तिथी तुम्हाला पाठ आहे. अंथरुणात पडून तुम्ही भरती सांगता. मग उठला का नाहीत?"

आबांनी पुन्हा अंगठा दांड्यावर फिरवला. बोलले ते दांड्याशीच बोलल्यासारखे. "आंग सांगत व्हता, पानी आला. डबा सांगत व्हता, नाय आला. मी म्हनला, आपला आंग तापलेला हाय, आपला डोला गेलेला हाय. पोरगा शिकलेला हाय. मी तुज्या डब्याचा आयकला."

जून महिना मितेशसमोर जसाच्या तसा उभा राहिला. नऊ नंबरची बॅटरी उतरत आली होती. तो डबा खाडीच्या तोंडाशी, चिखलातल्या खांबावर. भरती आधी त्यालाच लागायची, म्हणून आबांचा फोन त्याचंच पाणी दाखवायचा. आदल्या वर्षी बॅटरी बदलायला आबाच हट्टाने चिखलात उतरले होते, मांडीपर्यंत रुतले होते, दोरीने ओढून काढावं लागलं होतं. यंदाही ते उतरलेच असते, ऐकलं नसतंच. मितेशने हिशेब मांडला. खूण बनवायला आणि धाडायला डब्याला जास्त वेळ जागं राहावं लागतं. खूण काढली तर निरोप आखूड होईल, डबा लवकर झोपेल, बॅटरी दिवाळीपर्यंत जाईल. त्याने गाळ्यात बसूनच दोन बटणं दाबली होती, आणि त्या रात्री जेवताना सहज सांगितलं होतं, नऊला आता शब्द नाही आबा, तुम्ही चिखलात जायचं नाही.

"शब्दाबिगर साद?" आबांनी तेव्हा एवढंच म्हटलं होतं. आणि भात कालवत राहिले होते.

"तुम्हाला माहीत होतं," मितेश म्हणाला. "उघाडीपाशी उभं असतानाच तुम्हाला कळलं होतं. मग 'डोळा लागला' का म्हणालात?"

"तुजी नोकरी हाय." आबांनी दांडा मांडीवर आडवा घेतला. "मी म्हातारा मानूस. म्हाताऱ्याला नीज लागते, त्यात काय नवल? लोक चार दिस बोलतान. तुला म्हनले असते, यानं बापाच्या गावाला बुडवला. घरात एक निजलेला पुरे रे. दोघा कशाला?"

"चार दिवस? दहा महिने झाले, आबा! तुम्हाला कोणी लग्नाची अक्षत देत नाही."

"मना दात कुठं हान जेवनाला," आबा म्हणाले. मग मितेशच्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "आज कायव बोलू नको. मी दांडा देन, घरी येन. झाला."

*

गावदेवीच्या पारावर पंचवीस-तीस माणसं होती. उन्हं तिवरांच्या मागे कलली होती. मधे धोंडूबाई बसली होती. तिचा पुतण्या दीपेश तिच्या पाठीशी उभा होता. उघाडी आता त्याच्याकडे जाणार होती. बिचारा अवघडून पायाने माती उकरत होता.

आबा चालत आले आणि त्यांनी दांडा पाराच्या कडेवर, देवीकडे तोंड करून ठेवला. खोबरेलाने तो उन्हात चकाकला. कुणीतरी सुपारी ठेवली. कुणी 'बसा' म्हणालं नाही, म्हणून ते उभेच राहिले. मितेश त्यांच्या शेजारी.

"दीपेश," धोंडूबाई म्हणाली, "उचल रे. आनि आयक. बांधावर निजायचा आसल त आताच सांग. तुज्या काकीकरं आता पेराया बी नाय, रडाया पानी पन नाय." ती आबांकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "जा नथूदादा. आता सुखान नीज. आता कोनाचा काय बुरत नाय."

एक-दोघं हसले. आबा मान खाली घालून हसण्यात सामील झाल्यासारखे दिसले. "व्हय गो बाय," ते म्हणाले. "निजन आता."

हे ऐकून मितेशच्या आत काहीतरी सुटलं. दहा महिने हे वाक्य आबा गावाला देत होते आणि गाव घेत होतं. आज त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी ते पुन्हा एकदा दिलं, आणि आता तर ते त्यांच्या तोंडात इतकं रुळलं होतं की खोटं वाटतच नव्हतं. अजून वर्षभराने त्यांनाही ते खरं वाटेल. मग अकरा वेळा फोन बघणारा तो तापलेला म्हातारा कुठेच राहणार नाही.

तो एक पाऊल पुढे गेला. आबांनी त्याचं मनगट धरलं. "चल घरी," ते पुटपुटले. "मितू, चल."

"काय रे?" धोंडूबाई म्हणाली. "तुला काय पायजे? तू मोठा डब्यांचा सायब. तुज्या डब्यानी काय केलान त्या दिवशी? ते पन निजले व्हते वाटतं?"

आबांची पकड घट्ट झाली. तेलकट बोटं मनगटावरून सरकत होती, ते पुन्हा पुन्हा धरत होते. मितेशला वाटलं, वालीवची भाषा इथे उपयोगाची नाही. खूण, निरोप, यंत्र, रेकॉर्ड, हे सगळं बोललं तर ते स्वतःला झाकण्यासारखंच होईल. लोक माना डोलावतील, आणि कुणाला काही कळणार नाही. आईपाशी बोलायचा ती बोली त्याने कितीतरी वर्षांत तोंडात घेतली नव्हती. ती आता घशात अडखळली.

त्याने हात सोडवून घेतला आणि तो धोंडूबाईच्या समोर, जमिनीवर बसला.

"काकी, माजा बापूस निजला नव्हता," तो म्हणाला. "तापात पन जागाच व्हता. त्यो मना अकरा वेला इचारत व्हता, आनि माजा डबा त्याला खोटा सांगत व्हता. डब्याचा शब्द मी काढला व्हता, काकी. तुजा भात मी मारला."